पहिल्या सामन्यावरून कॉलेज फुटबॉलचा संघ कसा जोखावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहात. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाने हंगामातला पहिलाच सामना घरच्या मैदानावर २०-२७ असा गमावला. एकूण यार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेलेले अंतर, आपल्या संघाचे जास्त होते, पण तीन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. आता आपल्या प्रयोगशाळेतले निम्मे लोक प्रशिक्षकाला घरी पाठवायला निघाले आहेत आणि उरलेले ‘पहिलाच सामना होता, रुळतील’ म्हणून गप्प बसले आहेत. यांपैकी कोणाचे खरे मानावे आणि स्वतः पाहून ठरवायचे झाल्यास नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी पेशाने संख्याशास्त्राचा माणूस आहे आणि बऱ्याच वर्षांपासून हंगामात शनिवार-रविवार एका छोट्या कॉलेजच्या संघासाठी सामन्यांच्या चित्रफिती कापणे, प्रत्येक खेळीची नोंद करणे आणि प्रशिक्षकांसाठी तक्ते तयार करणे हे काम करतो. माझे उत्तर त्या कामातून आलेले आहे. विश्लेषणाच्या खोलीत पाहिले जाते ते सगळे टीव्हीवर दिसत नाही, पण बरेचसे दिसते.

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. त्या शनिवारी संघ कसा खेळला, हा पहिला. संघ मुळात कसा आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चित्रफीत शांतपणे पाहिली की बऱ्यापैकी मिळते. दुसऱ्याचे उत्तर एका सामन्यातून पूर्ण मिळत नाही, पण काहीच मिळत नाही असेही नाही. कोणत्या गोष्टी त्या दिवसापुरत्या होत्या आणि कोणत्या पुढच्या अकरा सामन्यांतही सोबत येणार आहेत, एवढे वेगळे करता आले तर पुष्कळ झाले. धावफलक नेमके हेच वेगळे करत नाही, म्हणून केवळ त्यावरून वाद घालणारे दोन्ही गट अंदाजानेच बोलत असतात.

कॉलेजच्या पहिल्या सामन्याची अडचण आधी सांगतो. व्यावसायिक संघांना ऑगस्टमध्ये इतर संघांशी सराव सामने खेळायला मिळतात. कॉलेज संघांना तसे सामने नसतात. ऑगस्टभर आपले आक्रमण आपल्याच बचावाविरुद्ध सराव करते आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खोडी पाठ झालेल्या असतात. दुखापतीच्या भीतीने खेळाडूंना खाली पाडणे टाळले जाते आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाती घेऊन तो फेकणाऱ्या किंवा दुसऱ्याकडे सोपवणाऱ्या खेळाडूला, तर वेगळ्या रंगाची जर्सी देऊन ‘याला हात लावायचा नाही’ असेच बजावलेले असते. म्हणजे नव्या क्वार्टरबॅकला पहिला खरा धक्का बसतो तो थेट हजारो प्रेक्षकांसमोर. त्यातच २०१८ साली ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि २०२१ पासून विद्यापीठ बदललेल्या खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता लगेच खेळण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून कित्येक संघांत निम्मे चेहरे दर वर्षी नवे असतात. मागच्या वर्षीची कामगिरी पाहून यंदाचा अंदाज बांधणे त्यामुळे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्या प्रश्नात नाहीत. क्वार्टरबॅकचा हा पहिलाच पूर्ण सामना होता का? आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा समन्वयक नवा आहे का? ऑफेन्सिव्ह लाइनमधले, म्हणजे चेंडूच्या पुढे उभे राहून वाट करून देणारे किंवा क्वार्टरबॅकचे रक्षण करणारे पाच जण, पूर्वी एकत्र खेळलेले आहेत का? त्यांपैकी कोणी दुखापतीमुळे बाहेर होते का? ऑगस्टअखेरच्या उकाड्यात दुपारी खेळवलेल्या सामन्यात चौथ्या क्वार्टरमध्ये खेळाडूंच्या पायात गोळे येतात आणि तो थकवा ऑक्टोबरमध्ये दिसत नाही. या प्रश्नांच्या उत्तरांनुसार पुढचे सगळे निष्कर्ष थोडेफार सरकतील.

आता आपल्या सामन्यातल्या सर्वांत ठळक गोष्टीकडे, म्हणजे गमावलेल्या तीन चेंडूंकडे वळतो. एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण अकरा-बारा ड्राइव्ह मिळतात. चेंडू ताब्यात आल्यापासून तो सोडेपर्यंतच्या सलग चढाईला ड्राइव्ह म्हणतात. तीन चेंडू गमावणे म्हणजे त्यांतल्या पाव भागावर पाणी सोडणे, आणि चेंडू गमावण्याची किंमत दर खेपेला सरासरी चार ते पाच गुण धरली जाते. सात गुणांचा पराभव एवढ्यानेच समजण्यासारखा आहे. पण म्हणून ‘केवळ दुर्दैव’ असा शेरा मारू नका, कारण तिन्ही चेंडू एकाच जातीचे नसतात. पळणाऱ्याच्या हातून चेंडू सुटणे हा त्याचा दोष, पण सुटलेला चेंडू कोणाच्या अंगाखाली सापडला हे नाणेफेकीइतकेच बेभरवशाचे असते. हंगामभराच्या नोंदी पाहिल्या तर सुटलेले चेंडू दोन्ही बाजूंना जवळपास निम्मे-निम्मे जातात. अडवलेल्या फेकीचेही तसेच आहे. बचावपटूंचा हात लागलेल्या फेकींपैकी साधारण पाचातली एक इंटरसेप्शन होते आणि बाकीच्या जमिनीवर पडतात. ज्या दिवशी पाचातल्या तीन झेलल्या जातात, त्या दिवशी क्वार्टरबॅक खलनायक ठरतो. मात्र पाठीमागून येणाऱ्या बचावपटूने क्वार्टरबॅकला गाठले आणि त्या धक्क्याने चेंडू सुटला, तर तो नशिबाचा खेळ नव्हे. तो लाइनच्या खात्यावर मांडायचा. तेव्हा तिन्ही प्रसंग पुन्हा पाहा आणि प्रत्येक वेळी चेंडू सुटण्याच्या दोन सेकंद आधी काय झाले ते लिहून काढा.

मी कोणताही पहिला सामना जोखायला बसतो तेव्हा सुरुवात लाइनपासूनच करतो. चेंडूवरून नजर काढणे सोपे नाही, पण स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू मागे दिला जाताच, पहिली दोन सेकंद त्या पाच जणांकडेच पाहायचे. धावण्याची खेळी असेल तर दोन सेकंदांनी ती रांग मूळ जागेच्या पुढे आहे की मागे? पळणाऱ्याला पहिला स्पर्श कुठे झाला, खेळी जिथून सुरू झाली त्या रेषेच्या मागेच की तीन यार्ड पार केल्यावर? फेकीची खेळी असेल तर क्वार्टरबॅकभोवतीचे कडे अडीच-तीन सेकंद टिकले का? आणि दबाव आणायला प्रतिस्पर्ध्याला किती माणसे पाठवावी लागली? नेहमीच्या चार जणांतच काम भागत असेल, तर मागे सात जण झेल अडवायला मोकळे राहतात आणि आक्रमणाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सहा जण पाठवून मिळवलेला दबाव फारसा काळजीचा नसतो, कारण त्याची किंमत प्रतिस्पर्धी मागच्या बाजूला मोजत असतो.

या निरीक्षणाला एक पुढची पायरी आहे आणि माझ्या मते सगळ्या जोखण्याचे मर्म तिथे आहे. लाइन हरली असे दिसले की ती चुकली की कमी पडली, हे पाहायचे. बचावपटू कोणाचाही अडथळा न होता सरळ आत घुसला असेल, तर दोघांपैकी कोणी कोणाला अडवायचे यात घोटाळा झालेला असतो. ही चूक आहे आणि ती सरावाने जाते. पण अडवणारा योग्य जागी होता, त्याने हातही वेळेवर टाकले आणि तरीही तो ढकलला जाऊन क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसला, तर तो कमी पडला. ताकद आणि पायांची चपळाई आठवडाभरात येत नाही. आमच्याकडे प्रशिक्षक रविवारी प्रत्येक खेळाडूला प्रत्येक स्नॅपसाठी अधिक किंवा उणे अशी खूण देतात. मी तक्ता करताना उणे खुणांचे याच दोन रकान्यांत विभाजन करतो. एकूण टक्केवारीपेक्षा हे विभाजन मला जास्त सांगते.

दोन गाजलेली उदाहरणे देतो. अलाबामा हा या खेळातला मातब्बर संघ. ३० ऑगस्ट २०२५ रोजी तो टॅलाहासीला जाऊन फ्लोरिडा स्टेटकडून १७-३१ असा हरला. त्याच फ्लोरिडा स्टेटने आदल्या हंगामात बारापैकी फक्त दोन सामने जिंकले होते. प्रशिक्षक केलन डिबोअर यांचे ते अलाबामातले दुसरेच वर्ष होते आणि ‘यांना काढा’ हा घोष दुसऱ्या दिवशीच सुरू झाला. पुढे अलाबामाने ओळीने आठ सामने जिंकले, त्यांत जॉर्जियाला त्याच्या घरच्या मैदानावर हरवले, आणि राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेरीपर्यंत, मजल मारली. फ्लोरिडा स्टेटचा हंगाम मात्र पाच विजय आणि सात पराभवांवर संपला. धावफलकावर विसंबणाऱ्यांचे दोन्ही संघांबाबतचे अंदाज फसले. पण त्याच सामन्यात लाइनकडे पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसली होती. अलाबामाने पहिल्याच ताब्यात लांबलचक ड्राइव्ह करून ७-० आघाडी घेतली खरी, पण त्यानंतर धावण्याच्या खेळीत त्यांची लाइन वाट काढू शकत नव्हती. सामन्यात त्यांना धावून शंभर यार्डही मिळाले नाहीत आणि समोरच्या संघाने दोनशेच्या वर मिळवले. आठ विजयांच्या काळातही ते दुखणे पूर्ण गेले नाही. डिसेंबरमध्ये परिषदेच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात त्याच जॉर्जियाने त्यांना २८-७ असे हरवले, तेव्हा अलाबामाच्या धावण्याच्या यार्डांची बेरीज उणे तीन होती. म्हणजे ऑगस्टमधल्या निकालाने दिशाभूल केली आणि ऑगस्टमधल्या लाइनने खरे सांगितले.

पहिल्या ड्राइव्हबद्दल जाता जाता एक गोष्ट. बहुतेक संघ सुरुवातीच्या दहा-पंधरा खेळ्या आठवडाभर आधी लिहून, घोकून ठेवतात. त्या खेळ्यांत समन्वयकाची बुद्धी दिसते, संघाची नव्हे. संघ दिसतो तो लिहिलेले संपल्यावर. म्हणून पहिल्या ताब्यातल्या टचडाउनवर, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेण्यावर, खूश होऊ नये, आणि पहिल्या ताब्यातच चेंडू पंट करावा, म्हणजे लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकावा लागला म्हणून हायही खाऊ नये.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. २०१४ साली ओहायो स्टेटचा नेहमीचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टच्या सरावातच खांदा दुखावून हंगामाबाहेर गेला आणि जे. टी. बॅरेट या नवख्यावर जबाबदारी आली. लाइनही बहुतांश नवी होती. बाल्टिमोरमधल्या पहिल्या सामन्यात मध्यांतराला पिछाडीवर असलेल्या ओहायो स्टेटने अखेरीस नेव्हीला ३४-१७ असे हरवले. आठवड्याने घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेकने त्यांना ३५-२१ असे हरवले आणि बॅरेटला सात वेळा रेषेमागे लोळवले. ती लाइन संपली असे अनेकांनी ठरवून टाकले. पण चित्रफीत वेगळे सांगत होती. व्हर्जिनिया टेकने बचावाची अशी मांडणी केली होती की कोणी कोणाला अडवायचे हा प्रश्न त्या नवख्या मुलांना प्रत्येक स्नॅपला नव्याने सोडवावा लागत होता. ती मुले बव्हंशी चुकत होती. कमी पडत नव्हती. पुढे हीच लाइन अशी जमली की तिच्या मागून धावणाऱ्या इझीकिएल एलियटने शेवटच्या तीन सामन्यांत २२०, २३० आणि २४६ यार्ड काढले आणि जानेवारी २०१५ मध्ये ओहायो स्टेटने ओरेगनला ४२-२० असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तोवर बॅरेटही जायबंदी होऊन तिसरा क्वार्टरबॅक खेळत होता. ‘लाइन खराब आहे’ हा एकच शेरा दोन्ही ठिकाणी मारता आला असता. एका ठिकाणी तो डिसेंबरपर्यंत टिकला आणि दुसऱ्या ठिकाणी टिकला नाही.

आता आकडे. ‘एकूण यार्ड आमचे जास्त’ या आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ते यार्ड केव्हा मिळाले हे आधी पाहा. संघ चौथ्या क्वार्टरमध्ये सतरा गुणांनी मागे असताना समोरचा बचाव मुद्दाम मागे सरकून छोट्या फेकी सोडून देतो. त्याला घड्याळ पुढे जायला हवे असते. त्या वेळी जमवलेले दीडशे यार्ड तक्त्यात शोभून दिसतात, पण त्यांतून संघाबद्दल काही कळत नाही. मी सामना हातातून गेल्यानंतरच्या खेळ्या, म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाउनहून अधिक फरक पडल्यानंतरच्या, वेगळ्या काढूनच हिशेब करतो. आपला सामना सात गुणांचा झाला असला तरी मधला धावफलक काय होता ते तपासा. १०-२७ वरून २०-२७ झालेला सामना आणि २०-२० वरून २०-२७ झालेला सामना हे दोन निराळे सामने आहेत.

एकूण यार्डांऐवजी यशस्वी खेळ्यांचे प्रमाण काढा. यासाठी संगणकही लागत नाही. दहा यार्डांसाठी चार डाउन, म्हणजे चार संधी असतात. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला सत्तर टक्के आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले, तर खेळी यशस्वी धरायची. पहिल्या डाउनला दहापैकी पाच मिळाले तर यश. दुसऱ्या डाउनला आठ हवे असताना पाच मिळाले तर अपयश, सहा मिळाले तर यश. क्रिकेटमध्ये पाठलाग करणारा संघ आवश्यक धावगतीच्या मागे पडतो की नाही हे आपण षटकागणिक पाहतो, त्याच जातीचे हे मोजमाप आहे. वरच्या श्रेणीच्या कॉलेज संघांत हे प्रमाण सरासरी चाळीस टक्क्यांच्या थोडे वर असते. एखाद्या संघाचे एकूण यार्ड भरपूर आणि यशाचे प्रमाण पस्तीस टक्के असेल, तर त्याचे आक्रमण दोन-तीन लांब फटक्यांवर जगले. तसे फटके दर शनिवारी मिळत नाहीत. उलट प्रमाण पंचेचाळीसच्या वर आणि तरीही गुण वीसच असतील, तर तो संघ आपल्या गुणांपेक्षा बरा खेळला. एका सामन्यात संघाला सत्तरच्या आसपास खेळ्या मिळतात, म्हणून या आकड्याला थोडा तरी आधार असतो. तिसऱ्या डाउनच्या खेळ्या जेमतेम बारा-चौदा असतात. ‘तेरापैकी तीनच वेळा जमले’ म्हणून टीव्हीवरचे समालोचक हळहळतात, पण त्यातून निष्कर्ष काढायला माल अपुरा असतो. त्यापेक्षा त्या तेरा वेळी सरासरी किती यार्ड हवे होते ते पाहा. दर वेळी नऊ-दहा हवे असतील, तर दुखणे तिसऱ्या डाउनचे नसून पहिल्या दोनांचे आहे.

कॉलेजच्या आकड्यांत एक सापळा आहे आणि नवख्या वाचकाला तो कोणी सांगत नाही. क्वार्टरबॅकला रेषेमागे लोळवले की गेलेले यार्ड व्यावसायिक फुटबॉलमध्ये फेकीच्या खात्यातून वजा होतात, कॉलेजमध्ये ते धावण्याच्या खात्यातून वजा केले जातात. समजा, तक्त्यात ३४ धावांत ९२ यार्ड लिहिले आहेत. दर धावेला तीन यार्डही नाहीत, म्हणून आपण धावण्याचे आक्रमण कुचकामी ठरवतो. पण त्यांत क्वार्टरबॅकला पाच वेळा लोळवल्याचे ३८ यार्ड वजा असतील, तर खऱ्या धावा २९ आणि यार्ड १३०, म्हणजे दर धावेला जवळपास साडेचार. धावण्याची बाजू ठीक होती आणि पोखरलेली होती ती फेकीच्या वेळची संरक्षणफळी, असा उलटाच निष्कर्ष निघतो. आपल्या सामन्याच्या तक्त्यावर पहिल्यांदा हीच दुरुस्ती करा.

पहिल्या आठवड्यात प्रतिस्पर्धी कोण होता याचेही मोल ठरलेले नसते. २०२३ साली नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांच्या पहिल्याच सामन्यात कोलोरॅडोने टी.सी.यू.ला (टेक्सास क्रिश्चन युनिव्हर्सिटीला) त्यांच्या मैदानावर ४५-४२ असे हरवले. आदल्या वर्षी कोलोरॅडोने एकच सामना जिंकला होता आणि टी.सी.यू. राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळला होता, म्हणून देशभर जल्लोष झाला. कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्सने त्या दिवशी ५१० यार्ड फेकले. हंगामाअखेर कोलोरॅडोचे चार विजय होते आणि टी.सी.यू.चे पाच. २०१६ मध्ये टेक्सासने नोत्र दामला दोन जादा डावांनंतर ५०-४७ असे हरवले तेव्हाही ‘टेक्सास परतला’ असे सगळे म्हणाले. वर्षाअखेर टेक्सासचे पाच विजय आणि नोत्र दामचे चार. या दोन्ही सामन्यांत डोळे दिपवणारे आक्रमण होते ते समोर ढिसाळ बचाव असल्यामुळे, आणि हे कळायला ऑक्टोबर उजाडावा लागला. हंगामाआधीची क्रमवारी हा मतदारांचा अंदाज असतो. दहाव्या क्रमांकाच्या संघाला हरवले म्हणजे दहाव्या क्रमांकाचा मानल्या गेलेल्या संघाला हरवले, इतकाच त्याचा अर्थ.

प्रतिस्पर्ध्याची शैलीही हिशेबात घ्यावी लागते. वर नेव्हीचा उल्लेख आला. नौदल अकादमीचा तो संघ ट्रिपल ऑप्शन नावाचे जुन्या वळणाचे आक्रमण खेळायचा. त्यात फेक क्वचितच असते आणि क्वार्टरबॅक धावता धावता चेंडू कोणाला द्यायचा ते ठरवतो. नेव्हीने ओहायो स्टेटविरुद्ध धावून साडेतीनशेहून अधिक यार्ड काढले. त्यावरून ओहायो स्टेटचा बचाव कमकुवत म्हणणे चूक होते आणि फेकीविरुद्ध भक्कम म्हणणे त्याहून चूक होते, कारण फेकीची परीक्षाच झाली नव्हती. तसेच खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्ध मिळवलेल्या मोठ्या विजयाचे. २०२४ पर्यंतच्या नियमांनुसार वरच्या श्रेणीच्या संघाला ८५ आणि त्याखालच्या श्रेणीच्या संघाला ६३ शिष्यवृत्त्या देता येत. चौथ्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या फळीतली माणसे मैदानात आली की हा फरक उघडा पडतो. मी असे सामने पहिल्या क्वार्टरपुरतेच गांभीर्याने पाहतो. हे सांगितले की कोणीतरी २००७ साली मिशिगनला त्याच्याच मैदानावर ३४-३२ असे हरवणाऱ्या अॅपलाचियन स्टेटचे नाव काढतोच. तो अपवाद खराच. पण पुढच्या आठवड्यात ओरेगनकडूनही मार खाल्लेल्या त्या मिशिगनने नंतर ओळीने आठ सामने जिंकले, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रशिक्षकाबद्दल आपण थेट विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. पहिल्या सामन्यावरून प्रशिक्षकाला जोखायचेच असेल, तर पूर्णपणे त्याच्या हातातल्या गोष्टींवरून जोखा. स्नॅपआधी हलल्याबद्दल किंवा वेळ संपल्याबद्दल किती दंड झाले? मैदानात अकराऐवजी दहा किंवा बारा माणसे होती का? मांडणी समजली नाही म्हणून टाइमआउट वाया गेले का? पंटच्या वेळी रांग कोलमडली का? यांतले बहुतेक दोष पहिल्या आणि दुसऱ्या सामन्याच्या मधल्या आठवड्यात दुरुस्त होतात. अनुभवी प्रशिक्षक त्या आठवड्याला फार जपतात ते त्यामुळेच. बचावाचे निसटते टॅकलही, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्याचे फसलेले प्रयत्नही, बऱ्याच प्रमाणात सुधारतात, कारण ऑगस्टमध्ये त्यांचा पूर्ण ताकदीने सराव झालेलाच नसतो. हे दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यातही तसेच दिसले, तर प्रशिक्षकावरचे बोट रास्त आहे. मध्यांतरानंतर प्रतिस्पर्ध्याच्या नव्या डावपेचाला उत्तर मिळाले का, हेही पाहा, पण जपून. नव्या समन्वयकाच्या पद्धतीची एकही चित्रफीत नसताना तिला सामोरे जाणे कोणालाही जड जाते. तीन-चार सामन्यांनंतर ती अडचण उरत नाही आणि नव्या पद्धतीचे नावीन्यही ओसरते.

एका सामन्यानंतर मत किती बदलावे? हंगामाआधी या संघाकडून सात विजयांची अपेक्षा असेल, तर मी एका पराभवानंतर ती सहावर आणेन, फार तर साडेपाचवर. क्वार्टरबॅक हंगामभरासाठी जायबंदी झाला किंवा लाइन निखळ ताकदीत कमी पडताना दिसली, तरच त्याखाली जाईन. गंभीरपणे चालवलेल्या मानांकन पद्धतीही हंगामापूर्वीचा अंदाज कित्येक आठवडे सोडून देत नाहीत, हळूहळू त्याचा वाटा कमी करतात. २०२४ चा नोत्र दाम आठवा. पहिल्या सामन्यात त्याने टेक्सास ए अँड एमला त्यांच्या मैदानावर २३-१३ असे हरवले, दुसऱ्याच आठवड्यात घरी नॉर्दर्न इलिनॉयकडून १४-१६ असा हरला आणि त्यानंतर एकही सामना न गमावता राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पहिल्या शनिवारी त्याला डोक्यावर घेणारे आणि दुसऱ्या शनिवारी निकालात काढणारे बरेचसे तेच लोक होते.

आपण आता एवढे करा. सामन्याची पूर्ण चित्रफीत मिळवा. शक्य असल्यास गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्याची दृश्ये पाहा, कारण लाइनमधली झटापट तिथून उघडी दिसते. पहिल्या तीन क्वार्टरमधल्या खेळ्यांची यशस्वी-अयशस्वी नोंद करा, धावांच्या आकड्यातून लोळवल्याचे यार्ड वेगळे काढा आणि लाइन जिथे जिथे हरली तिथे ‘चुकली’ की ‘कमी पडली’ ते लिहा. एका दुपारचे काम आहे. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्याच्या नोंदी त्याशेजारी ठेवा. चुकांचा रकाना आटत गेला आणि यशाचे प्रमाण चाळीसच्या वर राहिले, तर ‘रुळतील’ म्हणणारा गट बरोबर आहे, मग त्या दोन सामन्यांचा निकाल काहीही लागो. कमी पडल्याचा रकाना भरत राहिला, तर विजय मिळाले तरी परिषदेतल्या तगड्या संघांशी गाठ पडताच ऑक्टोबरमध्ये त्रास होईल. तेव्हाही एका क्वार्टरबॅकला किंवा एका समन्वयकाला बदलून भागणार नाही, कारण लाइनमधली माणसे मागच्या दोन-तीन वर्षांच्या भरतीतून आलेली असतात. त्या भरतीचा जाब मुख्य प्रशिक्षकाला विचारता येतो, पण तो पहिल्या सामन्याच्या आधारे नव्हे, आणि प्रशिक्षक नवा असेल तर त्याला मुळीच नव्हे. तिन्ही सामन्यांच्या नोंदी तयार झाल्या की त्या इथेच टाका, मी पाहून सांगेन.